वटवाघळाचं दुसरं दार

यशवंत सरोदे नेपानगरच्या पेपर मिलमध्ये छत्तीस वर्षं लॅबमध्ये होते. लगदा तपासायचा, हे त्यांचं काम. सुरुवातीला बांबूचा आणि सलईच्या लाकडाचा, पुढे पुढे रद्दीचा. चिमूटभर लगदा बोटांत धरला की तो किती शिजलाय हे ते यंत्राच्या आधी सांगत, पण वहीत मात्र यंत्राने दिलेलाच आकडा लिहीत. नवीन आलेल्या पोरांना ते एकच गोष्ट बजावत, की अंदाज कितीही बरोबर निघो, तो अंदाजच असतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बुऱ्हाणपुरात लालबागेत लहानसं घर घेतलं. पहिले सहा महिने ते घरातल्या वस्तू तपासत राहिले. गॅसची नळी, टाकीतलं पाणी, दुधातलं पाणी. शेवटी कौशल्याबाईंनीच शेजारच्या मराठी शाळेत जाऊन बाईंना विचारलं, की आमच्या ह्यांना शनिवारचा एक तास देता का. बाईंनी आनंदाने दिला. पहिल्याच शनिवारी यशवंतरावांनी मुलांना सांगितलं, की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग त्याला भीती वाटली की तिन्ही धडधडतात का?" त्यांनी प्रश्न वहीत लिहून घेतला आणि सोमवारपासून वाचायला लागले.

अशी तीन वर्षं गेली. वह्या भरल्या. त्यातून चाळीस प्राण्यांचं, चौसष्ट पानांचं एक पुस्तक झालं, 'गालात पिशवी, पाठीवर घर'. सगळी माहिती खरी, पण सांगायची अशी, की वाचता वाचता पोट दुखावं. जळगावच्या दत्तात्रय नावाच्या एका छोट्या प्रकाशकाने ते छापलं आणि आसपासच्या शाळांमध्ये पोचवलं. यशवंतरावांनी एकेक ओळ तीन-तीन ठिकाणी पडताळून घेतली होती. गोगलगायीला हजारो दात असतात, हे लिहिण्याआधी ते दोन रात्री झोपले नव्हते, कारण त्यांना ते खरं वाटेचना. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत म्हणून ते मान फिरवतं, हे त्यांनी भोपाळच्या एका प्राध्यापकांना फोन करून विचारलं होतं.

फक्त एक पान त्यांनी कुणालाही विचारलं नव्हतं. ते वटवाघळाचं. त्यावर लिहिलं होतं:

'वटवाघळाच्या घराला एकच दार. जेवण त्याच दाराने आत आणि संडासही त्याच दाराने बाहेर! म्हणून वटवाघळाने आ वासला, की आधी लांब सरका आणि मग विचारा, बाबा रे, ही जांभई आहे की दुसरं काही?'

हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. यावलजवळच्या त्यांच्या गावात सगळ्यांनाच माहीत होतं. आईने सांगितलेलं, मामांनी सांगितलेलं, विहिरीवरच्या माणसांनी सांगितलेलं. आणि शाळाशाळांत ते पुस्तक वाचून दाखवत तेव्हा मुलं सर्वांत जास्त याच पानावर हसत. एका शाळेत तर एक मुलगा बाकावरून खाली पडला होता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी दारात एक तरुण मोटरसायकल घेऊन उभा राहिला. नाव नीलेश, शाहपूरजवळचा, केळीवाला. स्टेशनवर कुणाला तरी सोडायला आला होता. आईने दिलंय, असं म्हणून त्याने एक बिस्किटांचा पुडा दिला, पाणीही न घेता निघून गेला. पुड्यात बिस्किटं नव्हती. आत एक घडी केलेला वहीचा कागद होता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पाचसहा वाळक्या, चपट्या, तपकिरी गोळ्या. यशवंतराव आत चष्मा शोधत होते तोवर कौशल्याबाईंनी पिशवी उघडली, एक गोळी तळहातावर घेतली, वास घेतला. कुणी तरी औषधी मुळी पाठवली असावी, असं त्यांना वाटलं. गुडघ्यासाठी असेल, त्या म्हणाल्या, आणि नखाने थोडी कुरतडूनही पाहिली.

मग यशवंतरावांनी पत्र मोठ्याने वाचायला घेतलं.

'सर, नमस्ते. मी मोनाली. मी पाचवीत आहे. तुमची किताब आमच्या शाळेत आली. खूप मस्त आहे. पण माझी आजी म्हणते वटवाघळाचं पान गलत आहे. ती गुस्सा नाही. तिने आठ दिवस पाहिलं. सबूत सोबत पाठवला आहे. तो वटवाघळाच्या तोंडातून पडलेला आहे. हात लावू नये. लावला तर साबणाने धुवावे.'

कौशल्याबाई आत गेल्या. मोरीतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. त्या परत आल्यावर यशवंतरावांनी पुढचं वाचलं. खाली मोनालीने लिहिलं होतं, की आता आजी बोलते तसंच लिहिते.

'मी मालूबाई. मले लिहिता येत नही, वाचता थोडं येते. भाऊ, मले बी पन्नास वर्सं हेच ठाऊक होतं जे तुम्ही लिहिलं. आमच्या नाल्याच्या चिंचेवर दोनशे वागुळा राह्यतात. मी रोज त्या चिंचेपाशी काम करते. पोरीनं पुस्तक वाचलं अन मले पुसलं, आजी, तू तर रोज तिथं असते, तू पाह्यलं का? मी हो म्हणायले तोंड उघडलं, तं समजलं का मी पाह्यलंच नही. खाली मान घालून काम केलं, वर कधी पाह्यलं नही. मंग मी आठ दिवस पाह्यलं. उंबराखाली चोथा पडते, तो तुम्हाले पाठवला. तो कोरडा राह्यते. चिंचेखाली घाण पडते, ती ओली राह्यते, तिच्यात उंबराचं बी राह्यते. एका दारातून दोन माल कसे निघतीन? दुसरी गोष्ट, घाण टाकायच्या टायमाले वागूळ सीधी होते. हे मी तेरा डाव पाह्यलं. तुम्ही या अन पाहा. छत्री आणजा.'

यशवंतरावांनी पत्र पुन्हा घडी करून ठेवलं. छान पत्र आहे, ते म्हणाले. गोड आहे. त्यांच्या आवाजावरून कौशल्याबाईंना कळलं, की त्यांना ते मुळीच गोड लागलेलं नाही. आदल्याच दिवशी दत्तात्रयचा फोन आला होता. पहिली आवृत्ती संपली होती. दुसरी छापायला जाणार होती. काही चुका असतील तर सोमवारपर्यंत कळवा, असं त्याने सांगितलं होतं आणि यशवंतरावांनी दोन ठिकाणची वेलांटी सोडली तर चूक नाही, असं उत्तर दिलं होतं.

कौशल्याबाई भाजी निवडायला बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही पाहिलंय का हो कधी?"

"अगं, हे सगळ्यांनाच माहीत आहे," यशवंतराव म्हणाले.

म्हणाले, आणि आपलेच शब्द त्यांना ऐकू आले. हे वाक्य त्यांनी छत्तीस वर्षांत निदान पन्नास पोरांच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येकाला त्यासाठी झापलं होतं. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी तपासली होती. घरातून आलेली एक तशीच सोडली होती. ती आईच्या आवाजात आली होती, म्हणून तिला तपासायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

दुपारी ते जेवले नाहीत. कपाटावरचं जुनं भिंग काढलं, चिमटा काढला, काचेचा पेला पाण्याने भरला आणि ओसरीत उन्हात बसले. एक गोळी चिमट्याने पाण्यात सोडली. ती आधी तरंगली, मग हळूहळू फुगली आणि कडांनी उकलायला लागली. त्यांनी काडीने ढवळलं. पाण्यात तंतू सुटले. लांब, स्वच्छ, एकेक वेगळा. दुसरी गोळी त्यांनी कोरडीच भिंगाखाली धरली. तिच्या एका बाजूला आडव्या रेघा उमटलेल्या होत्या, टाळूच्या वळ्यांसारख्या.

त्यांना हे ओळखायला भिंगाची खरं तर गरजच नव्हती. हा लगदा होता. दाबून पाणी काढलेला, तंतू शाबूत असलेला लगदा, त्यांनी आयुष्यभर बोटांत धरला होता तसा. पोटातून गेलेला माल असा राहत नाही. ह्याला कुणी शिजवलं नव्हतं, कुणी पचवलं नव्हतं. कुणी तरी उंबर तोंडात घेतलं होतं, जीभ टाळूवर दाबून सगळा रस पिळला होता आणि चोयटी बाहेर टाकली होती. चरकातून उसाची टाकतात तशी.

त्यांनी कौशल्याबाईंना हाक मारून पेला दाखवला. त्यांनी हात पाठीमागे बांधूनच तो पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे तोंडातून पडतं ते लोकांनी खरंच पाहिलं. काय पडतं ते नाही पाहिलं."

यशवंतरावांनी संध्याकाळी दत्तात्रयला फोन लावला आणि वटवाघळाचं पान चुकलंय असं सांगितलं. दत्तात्रय सज्जन माणूस होता, पण त्याने पुस्तक शाळांत नेलेलं होतं आणि कुठल्या पानावर काय होतं हे त्याला ठाऊक होतं. पोरं त्याच पानावर लोळतात, तो म्हणाला. मास्तर लोक ते पान उघडूनच पुस्तक घेतात. चोथ्यावर कोण हसणार? आणि त्याने असंही विचारलं, की इतक्या वर्षांत कुणी म्हटलंय का हे चुकीचं आहे म्हणून. यशवंतराव म्हणाले, की एका बाईंनी म्हटलंय. त्या काय करतात, असं दत्तात्रयने विचारलं. केळी, असं यशवंतरावांनी सांगितलं. शेवटी सोमवारपर्यंतची मुदत तशीच ठेवून फोन संपला.

चोथ्याचं त्यांना पटलं होतं. पण पत्रातली दुसरी गोष्ट त्यांना काही सुचू देईना. 'वागूळ सीधी होते.' याचा अर्थ काय? उलटं टांगलेलं जनावर सुलटं कसं होणार, आणि कशाला? शुक्रवारी सकाळी ते छत्री घेऊन शाहपूरच्या बसमध्ये बसले. आकाश निरभ्र होतं. कंडक्टरने छत्रीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

पत्राखालच्या नंबरवर त्यांनी आदल्या रात्री कळवलं होतं, त्यामुळे शाहपूरच्या स्टँडवर मालूबाईंचा मुलगा नीलेश घ्यायला आला होता. रस्ता दोन्ही बाजूंनी केळीतूनच जात होता. मालूबाई बागेच्या टोकाला बुंध्याशी फुटलेले पील, म्हणजे जादा कोंब, कापत होत्या. साठीच्या आसपासच्या, उंच, सडपातळ. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्यांनी विळा बांधावर ठेवला, पदराला हात पुसले आणि नमस्कार चमत्कार न करता विचारलं, की भाऊ, मान दुखते का तुमची? यशवंतराव नाही म्हणाले. मग चला, त्या म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत दुखेल.

नाल्याकाठची चिंच दुरूनच ऐकू येत होती. जवळ गेल्यावर वास आला. यशवंतरावांनी वर पाहिलं. फांद्याफांद्यांना काळ्या पिशव्या टांगल्यासारखी वटवाघळं लटकत होती. कोल्ह्यासारखी तोंडं, मानेभोवती तांबूस केस. काही झोपली होती, काही शेजाऱ्याशी भांडत होती. एक जण पंख पसरून स्वतःला वारा घालत होता. मालूबाईंनी झाडापासून पंधरा पावलांवर गोणपाट टाकलं होतं. तिथूनच चांगलं दिसतं, त्यांनी सांगितलं, आणि झाडाखाली बसलं तर पाहण्यासारखं काही राहत नाही, सगळं अंगावरच येतं. त्यांनी मोनालीलाही ताकीद दिली होती, की झाडाखाली जायचं नाही, पडलेलं फळ उचलायचं नाही, पडलेलं वाघूळ तर मुळीच नाही.

शुक्रवार असूनही मोनाली आली होती. आज शाळेत मॅडमची मीटिंग आहे, हाफ डे आहे, ती म्हणाली. तिच्याकडे वही होती. वहीत तारखा, वेळा आणि खुणा होत्या. यशवंतरावांनी ती हातात घेतली आणि त्यांना उगाचच मिलमधली आपली पहिली वही आठवली. पाचव्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'आज काही दिसलं नाही.' लॅबमध्ये असं लिहायला त्यांना कित्येकांना शिकवावं लागलं होतं. हिला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिला तास काहीच झालं नाही. यशवंतरावांची मान दुखायला लागली, पण त्यांनी ती खाली घातली नाही. मालूबाईंची बसण्याची पद्धत अशी होती, की त्या अख्ख्या झाडाकडे पाहत नव्हत्या. दोन-तीन फांद्या ठरवून तेवढ्याच पाहत. त्यांनी सांगितलं, की पहिल्या दोन दिवसांत त्याही सगळीकडे पाहत होत्या आणि सगळं हुकत होतं. खाली पडल्याचा आवाज यायचा, वर पाहावं तर झालेलं असायचं.

"मंग मले समजलं," त्या म्हणाल्या, "जिले लागते तिची आधी चुळबुळ सुरू होते. वर्गात पोराले लागली का ते करंगळी वर करते ना, तसंच."

थोड्या वेळाने त्यांनी न बोलता एक फांदी दाखवली. तिच्या टोकाशी टांगलेलं एक मोठं वटवाघूळ जागं झालं होतं. त्याने अंग झटकलं. मग पंखांच्या टोकाचा नाही, तर मनगटापाशी असलेला आकड्यासारखा अंगठा वर नेला आणि फांदीत अडकवला. आधी एक, मग दुसरा. क्षणभर ते हातापायांनी धरलेल्या झोळीसारखं आडवं झालं. आणि मग त्याने पाय सोडले.

ते सुलटं झालं. डोकं वर, पाय खाली, अंगठ्यांवर लोंबकळत, बारवर लटकणाऱ्या मुलासारखं. त्या अवस्थेत त्याने आपलं काम उरकलं, अंगाचा मागचा भाग दोनदा झटकला, पाय उचलून पुन्हा फांदी पकडली, अंगठे सोडले आणि पंख गुंडाळून पूर्वीसारखं उलटं टांगून झोपून गेलं. सगळ्याला उकडलेलं अंडं सोलायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

यशवंतरावांना हसू आलं. लहानपणापासून ते या प्राण्याविषयी एक गोष्ट सांगत आले होते. आणि हा प्राणी रोज, भर उजेडात, सगळ्यांच्या डोक्यावर, स्वतःचं अंग घाण होऊ नये म्हणून एवढी कसरत करत होता.

"पुन्हा पाहायचं आहे," ते म्हणाले.

मालूबाईंना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांनीही तेराव्या वेळेपर्यंत पाहिलंच होतं. मोनालीने वहीत वेळ लिहिली. मग भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असं जेवण गोणपाटावरच झालं. जेवताना सर्वांचं तोंड चिंचेकडेच होतं, त्यामुळे नीलेश येऊन म्हणाला, की तुम्ही तिघं टीव्ही पाहताय की काय. दुपारी तीनपर्यंत यशवंतरावांनी आणखी चार वेळा पाहिलं. एकदा दोन वटवाघळं एकाच फांदीवर एकदमच सुलटी झाली आणि एकमेकांवर ओरडली. ते त्यांना सर्वांत आवडलं.

निघण्याआधी मालूबाईंनी पुस्तक आणायला लावलं. त्यांनी ते मोनालीकडून पूर्ण वाचून घेतलेलं होतं. त्यांना एक विचारायचं होतं, आणि कसं विचारावं हे कळत नव्हतं, हे त्यांच्या हातांकडे पाहून दिसत होतं. शेवटी त्यांनी गोगलगायीचं पान उघडायला सांगितलं.

"भाऊ, हे दात तुम्ही पाह्यले का?"

यशवंतरावांना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "नाही. वाचलं."

"मंग हे खरं कशावरून? हे बी कुणाच्या आईनं सांगितलं असीन."

यशवंतराव गोणपाटावर पुन्हा बसले. त्यांनी सांगितलं, की कुणी तरी गोगलगायीची जीभ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. दात मोजले. कसे मोजले ते लिहिलं. मग दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या माणसाने ते वाचून स्वतः पाहिलं, त्यालाही तेच दिसलं, त्यानेही लिहिलं. अशा पुष्कळ जणांनी पाहिलं. ज्याला शंका असेल त्याला अजूनही पाहता येतं. म्हणून ते लिहिलं.

मालूबाईंनी हे नीट ऐकून घेतलं. "म्हणजे त्याहीनं माझ्यावानीच पाह्यलं," त्या म्हणाल्या.

"तुमच्यासारखंच."

"अन लिहून ठेवलं, का दुसऱ्यानं येऊन पाहावं."

"हो. छत्री घेऊन."

त्या हसल्या. पुस्तक मिटून त्यांनी ते पुसून पिशवीत ठेवलं. आधी कुणी सांगितलं असतं, त्या मोनालीला म्हणाल्या, तर मी पन्नास वर्षांत किती तरी पाहिलं असतं. हे त्यांनी दुःखाने म्हटलं नाही. राहिलेल्या कामाविषयी बोलावं तसं म्हटलं. मग त्या विळा घेऊन उठल्या, कारण पील तसेच राहिले होते.

शनिवारी यशवंतरावांनी नवीन पान लिहायला घेतलं. पहिला मसुदा कौशल्याबाईंनी वाचला आणि त्या म्हणाल्या, की माहिती मिळाली. दुसरा वाचला आणि म्हणाल्या, की यात तुम्ही माफी मागताय, पोरांना त्याचं काय. तिसऱ्यात यशवंतरावांनी विनोद इतके घातले होते, की वटवाघूळ कुठे गेलं ते सापडेना. रविवारी दुपारी त्यांनी सगळं फाडलं, डोळे मिटले आणि मालूबाईंनी गोणपाटावर बसून सांगितलं होतं तसं लिहिलं:

'वटवाघळाच्या घराला एकच दार आहे, असं आम्ही मागच्या वेळी छापलं होतं. ते खोटं. दोन दारं आहेत, सगळ्यांसारखी. तोंडातून पडतो तो नुसता चोथा. रस पिऊन झाला, की ते उसाच्या चरकासारखं चोयटी टाकून देतं. खरी गंमत दुसऱ्या दाराची आहे. तुम्ही उलटे टांगलेले असाल आणि तुम्हाला लागली, तर काय होईल? विचार करा. झाला विचार? आता अंग पुसा. वटवाघळाला हे आधीच कळलेलं आहे. तुम्हाला लागली की तुम्ही वर्गात करंगळी दाखवता. वटवाघूळ अंगठा लावतं. दोन्ही अंगठे फांदीत अडकवतं, पाय सोडतं, सुलटं होतं, मोकळं होतं, अंग झटकतं आणि पुन्हा उलटं टांगून झोपतं. बाईंची परवानगी न विचारता.'

खाली बारीक अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'हे पाहिलं मालूबाईंनी, शाहपूरजवळ, तेरा वेळा. नंतर लेखकाने, पाच वेळा.'

कौशल्याबाई 'आता अंग पुसा'पाशी थांबल्या. त्यांनी कागद तोंडापुढे धरला. कागद हलत होता. यशवंतरावांनी बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना आपल्या लिहिण्यावर हसताना पहिल्यांदा पाहिलं.

दत्तात्रयने पान सोमवारी सकाळी वाचलं. आधी तो म्हणाला, की चुकलो होतो असं पुस्तकात कुणी लिहीत नाही. मग म्हणाला, की जरा थांबा, माझ्या मुलीला वाचून दाखवतो. दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. मुलगी हसली होती का, हे त्याने सांगितलं नाही. ती बाल्कनीच्या कठड्याला उलटं टांगून घ्यायला निघाली होती, तिला आत्ताच खाली उतरवलं, एवढंच सांगितलं. पान छापतो, तो म्हणाला.

लालबागेच्या शाळेत यशवंतरावांनी जुनं पान आणि नवं पान दोन्ही वाचून दाखवलं. मुलं दोन्हींवर हसली. जुन्यावर जास्त हसली, हे त्यांना मान्य करावं लागलं. पण नव्यावर हसून झाल्यावर हात वर झाले. मग वटवाघळाचं पिल्लू काय करतं? पाऊस आला तर छत्रीसारखे पंख धरतात का? सगळ्यात आधी कोण सुलटं झालं असेल? सागर नावाच्या मुलाने विचारलं, की सर, तुमच्या पुस्तकात अजून काय खोटं आहे? बाईंनी त्याला गप्प केलं. यशवंतरावांनी बाईंना थांबवलं. मला माहीत नाही, ते म्हणाले, तुम्ही शोधा. त्या शनिवारी सुटीची घंटा झाल्यावरही वर्ग हलला नाही.

मार्चमध्ये दुसरी आवृत्ती आली. यशवंतरावांनी पहिली प्रत नीलेशबरोबर शाहपूरला पाठवली. दोन दिवसांनी नीलेशच्या मोबाइलवरून रेकॉर्ड केलेला निरोप आला, त्यात मालूबाईंचा आवाज होता. नाव छापून आल्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. पान बरोबर आहे, त्या म्हणाल्या, पण चित्र गलत आहे. जळगावच्या जयश्री नावाच्या चित्रकार मुलीने वटवाघूळ छान काढलं होतं, सुलटं, मिस्कील तोंडाचं. फक्त ते फांदीला पंखाच्या टोकाने लटकत होतं. "ही करंगळी झाली," मालूबाईंचा आवाज म्हणत होता, "अंगठा नही. करंगळीनं लटकलं तं पडीन ते."

यशवंतरावांनी तो निरोप जसाच्या तसा जयश्रीला पाठवला. तिने आधी हसण्याच्या खुणा पाठवल्या. मग विचारलं, की जळगावहून सकाळची कुठली गाडी बरी पडेल.

ती रविवारी आली. ऊन चढायला लागलं होतं आणि वटवाघळं पंखांनी वारा घालत होती. यशवंतराव, कौशल्याबाई आणि मोनाली मागे बांधावर बसले. जयश्री गोणपाटावर मालूबाईंच्या शेजारी, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. तिने येताच अख्खं झाड काढायला घेतलं होतं. मालूबाईंनी तिचा हात धरला.

"सगळं नको पाहू, माय. ती एक फांदी पाहाय. ती तिसरी. तिची चुळबुळ सुरू झाली."